अंजूची वही

६ जानेवारी, सोमवार

माझं नाव आलं नाही.

दुर्गाप्रसाद सरांनी सकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बसवून सांगितलं. नागपूरच्या कॉलेजसोबत जो अभ्यास सुरू होतोय, त्याची क्षेत्रप्रमुख अंजू मडावी. वय सव्वीस, एमएसडब्ल्यू होऊन दोन वर्षं झाली. मी या संस्थेत चौदा वर्षांपासून आहे. सालेकसा तालुक्यात असा टोला, अशी वस्ती नाही जिथं माझी स्कूटी पंक्चर झाली नाही.

अभ्यास असा आहे. धान निघालं की आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि तीन-चार महिने येत नाहीत. मागं राहिलेली लेकरं कोणाजवळ राहतात, काय खातात, शाळा सुटते का, म्हातारी माणसं त्यांना कशी सांभाळतात, हे बघायचं. साठ घरं आहेत. नावं गुप्त, घराला फक्त नंबर. हा अभ्यास मीच सरांना सुचवला होता, तीन वर्षांआधी, चहा पिता पिता. त्यांना आता आठवतही नसेल.

"भूमेश्वरीजी, आप तो हमारी नींव हो," सर म्हणाले. "अंजूला गोंडी येते, नागपूरवाल्यांना तेच पाहिजे होतं. तुम्ही तिला फील्ड दाखवा."

नींव. म्हणजे जमिनीत गाडून वर दुसऱ्यानं उभं राहायचं.

नवरा, टिकेश, राइस मिलमधून आला तेव्हा त्याला सांगितलं. केसांतला कोंडा झटकत म्हणाला, "काम तर तेच राहील ना? मग झालं." त्याच्यासाठी झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

अंजूला घेऊन जांभूळटोल्याला गेले. घर नंबर सतरा. आजी रुख्माबाई, साठीच्या पुढं. नातीन खुशी, अकरा वर्षांची, पाचवीत. धाकटी रिंकी चार वर्षांची. बाप दुधराम आणि आई गोमती मागच्या रविवारी पिकअपमध्ये बसून गेले. आता एप्रिलमध्ये येतील.

रुख्माबाईंनी शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, मला दिली. पाणी आणलं. मी नको म्हटलं. बाहेरचं पाणी मला सोसत नाही, माझी बाटली नेहमी सोबत असते. अंजूनं "जय सेवा आजी" म्हणून तांब्या तोंडाला लावला आणि सरळ आत चुलीपाशी जाऊन बसली. तिथं लाखोरीच्या शेंगा पडल्या होत्या. ती त्या सोलायला लागली. कामावर आली की पाहुणी आली, मला कळेना.

मी अंगणात बसून खुशीला बेचाळीस प्रश्न विचारले. "हो मॅडम." "नाही मॅडम." फॉर्म पूर्ण झाला. अंजूचा एक रकाना भरलेला नव्हता. पण निघताना आतून त्या दोघींच्या हसण्याचा आवाज आला, आणि बाहेर येताना पोरगी तिला "अंजूताई" म्हणत होती.

पहिल्याच दिवशी ताई!

१२ फेब्रुवारी, बुधवार

कचारगडची यात्रा, गोंडांची. अंजूची सुट्टी. दुपारी तिनं ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला: गुहेकडे जाणारी गर्दी, मधे रुख्माबाई, अंजूच्या कडेवर रिंकी, आणि खुशी दात काढून हसून राहिली आहे. मला खुशीचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे आज कळलं. मी चारदा तिच्यासमोर बसले आहे.

सरांना म्हटलं, संशोधकानं असं घरच्यासारखं वागणं बरोबर नाही, अंतर ठेवावं लागतं, नाहीतर माहिती गढूळ होते. सर म्हणाले, "अरे, त्यांचीच यात्रा आहे, जाने दो."

चौदा वर्षांत मी कचारगडला गेले नाही. कोणी बोलावलंच नाही. खरं म्हणजे एकदा बोलावलं होतं, पण त्या दिवशी काहीतरी होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नागपूरहून मॅडम आल्या होत्या, आढावा घ्यायला. आधी माझे फॉर्म चाळले. "नीटनेटके आहेत," म्हणाल्या आणि बाजूला ठेवले. मग अंजूची वही उघडली आणि वाचतच राहिल्या. एक परिच्छेद त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. खुशी बोललेली, अंजूनं जसंच्या तसं उतरवलेलं:

"आई फोनवर रोज इचारते, जेवली का. मी म्हनतो, जेवली. तिले दुसरं काही इचारता येत नाही. मले दुसरं काही सांगता येत नाही. मंग आमी दोघीबी फोन पकडून चूप राहतो."

मॅडमनी चष्मा काढला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या फॉर्ममध्ये त्याच पोरीपुढं मी लिहिलं आहे: भावनिक स्थिती – समाधानकारक.

एवढं काय आहे त्यात? मुलं बोलतात असं. माझ्याशी बोलली असती तर मीही लिहिलं असतं. तिला गोंडी येते म्हणून, नाहीतर काय. (पण हे वाक्य तर गोंडीत नाही.)

संध्याकाळी मुलाचा, भुवनेश्वरचा फोन आला, हॉस्टेलवरून. परीक्षा जवळ आली आहे. मी विचारलं, जेवला का. जेवलो म्हणाला. मग ठेवला.

११ मार्च, मंगळवार

एकटीच गेले जांभूळटोल्याला. अंजू देवरीकडं होती. खुशीसाठी रंगीत पेन्सिलींचा मोठा डबा घेतला होता, चोवीस रंगांचा. तिनं दोन्ही हातांनी घेतला, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि तसाच रिंकीला देऊन टाकला. रिंकीनं तो अंगणात पालथा केला.

"तुला नको का?" मी विचारलं.

"तिले रंग आवडतेत." मग थोडं थांबून, "अंजूताई कधी येनार?"

"का गं? माझ्याशी बोल ना. मी पण ताईच आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. वाईट नजरेनं नाही. जसं आपण बस स्टँडवर पाटी वाचतो तसं. मग म्हणाली, "तुमी लिवून घेता ना, म्हनून."

अंजू काय हवेत लिहिते?  येताना सालेकसा ओलांडेपर्यंत मनात तेच फिरत होतं.

१९ मार्च, बुधवार

आज मी अंजूची वही वाचली.

ती जेवायला गेली होती, वही टेबलावर होती. अभ्यासाची वही म्हणजे संस्थेची वही, तिची खासगी नाही. मी फक्त सतरा नंबर कुठं आहे ते शोधलं. अकरा मार्चची नोंद होती. म्हणजे मी पेन्सिली घेऊन गेले त्याच दिवशी देवरीहून परतताना ती संध्याकाळी तिथं थांबली होती. मला बोललीसुद्धा नाही.

लिहिलं होतं: "मोहाची फुलं पडायला लागली. आजी आणि खुशी पहाटेच वेचायला जातात, आठला परत येतात. तोवर रिंकीचा उजवा पाय लुगड्याच्या चिंधीनं खाटेला बांधून ठेवतात. खुशीनं सांगितलं. रडली. म्हणाली, कोनाले सांगू नको, आजी वाईट नाही."

पानाच्या शेवटी एवढंच. मी तेवढं दोनदा वाचलं. चार वर्षांचं लेकरू, बंद घरात, पाय बांधून! आणि ही क्षेत्रप्रमुख आठ दिवसांपासून वहीत लिहून गप्प बसली आहे. पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात: मूल धोक्यात दिसलं तर गुप्तता संपते, लगेच कळवायचं.

दारात तिची चप्पल वाजली तशी मी वही मिटली. ती म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी भजे आणले." मी खाल्ले.

२० मार्च, गुरुवार

आज केलं.

चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन केला, मग बालकल्याण समितीला लेखी पाठवलं. माझं नाव, हुद्दा, चौदा वर्षांचा अनुभव. त्यांनी विचारलं, ही ऐकीव माहिती आहे का? ऐकीव म्हटलं असतं तर कोणाकडून ऐकलं ते सांगावं लागलं असतं. मी लिहिलं, दिनांक ११ मार्चच्या भेटीत मी स्वतः पाहिलं. गोष्ट खरी आहे, मग कोणाच्या डोळ्यांनी पाहिली याला काय अर्थ?

हे मी लेकरांसाठी केलं. हे इथं लिहून ठेवते. मला अंजूचं काही करायचं नव्हतं. नागपूरच्या मॅडमना कळेल तेव्हा कळेल, की गोड गोड वाक्यं लिहिणं वेगळं आणि लेकरू वाचवणं वेगळं.

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२२ मार्च, शनिवार

गाडी सकाळी नऊला टोल्यात पोचली. समितीचे लोक, एक महिला पोलीस आणि मी. मी आधीच सांगितलं होतं, की घर मला माहीत आहे, मी सोबत येते.

अंगणभर मोह वाळायला टाकला होता, सगळीकडं तो वास. रिंकी मोकळी होती, कोंबडीच्या मागं पळत होती. पण खाटेच्या पायाला चिंधी होती. हिरवी, मऊ झालेली, मधे कापूस भरून शिवलेली. पोलीस बाईंनी तिचा फोटो काढला. कापूस कायला भरला होता ते कोणी विचारलं नाही.

रुख्माबाईंना आधी समजलंच नाही. "कुठं नेता? शाळेत का?" मग समजलं तेव्हा त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. "काऊन नेता वो माज्या पोरींले? काय केलं मी? कोनं सांगतलं?"

खुशीनं रिंकीला कडेवर घेतलं होतं. ती रडली नाही. आजीला म्हणाली, "मी अंजूताईले सांगतलं होतं."

सगळ्यांनी ऐकलं. टोल्यातली पंधरावीस माणसं जमली होती, त्यांनीही ऐकलं. मी तिथंच होते, दोन हातांवर. मी म्हणू शकत होते की तिनं नाही, मी. गाडी सुरू झाली होती. आवाजही खूप होता.

२३ मार्च, रविवार

सहा वर्षांखालच्या लेकरांना वेगळ्या ठिकाणी ठेवतात. मला नियम माहीत आहे, चौदा वर्षांपासून माहीत आहे. तरी डोक्यात आलं नव्हतं. खुशी गोंदियात मुलींच्या बालगृहात. रिंकीला भंडाऱ्याला नेलं. वेगळं करताना खुशीनं तिचा फ्रॉक धरून ठेवला होता म्हणे, शिवण उसवली.

मला कोणीतरी फोनवर सांगितलं. मी भाजी निवडत होते. पूर्ण निवडून झाली, मग उठले.

२६ मार्च, बुधवार

सरांच्या केबिनमध्ये बैठक. जांभूळटोला आणि आजूबाजूच्या तीन टोल्यांतली अकरा घरं अभ्यासातून बाहेर पडली. काल अंजू गेली तर लोकांनी दारं लावून घेतली. एका म्हातारीनं तिला म्हटलं, "आमची होऊन आमचीच लेकरं धरून देल्ली." अंजू हे सांगत होती तेव्हा आवाज सरळ होता, हातातलं पेन तेवढं वरखाली करत होती.

सरांनी विचारलं, "तुला माहीत होतं का, बच्ची को बांधते थे?"

"हो सर."

"मग कळवलं का नाही?"

ती माझ्याकडं बघत राहिली.  समोर माझ्या अर्जाची प्रत पडली होती, तिनं ती वाचली होती. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "त्याबद्दल मी इथं काही सांगू शकत नाही."

बस. एवढंच. सरांनी तिला घरी थांबायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत. आणि मला म्हणाले, "भूमेश्वरीजी, अब आप ही सँभालो."

तर झाले मी क्षेत्रप्रमुख. टिकेशनं पाव किलो जिलबी आणली. मी दोन खाल्ल्या, बाकी शेजारी दिल्या.

२९ मार्च, शनिवार

क्षेत्रप्रमुख म्हणून पहिली भेट. जांभूळटोल्यात कोणी खुर्ची आणली नाही. अंगणवाडी सेविका शामकला एकटी बोलली. ती रुख्माबाईंच्या शेजारीच राहते. अंगणवाडीच्या पायरीवर उभी राहून बोलली, बस म्हणाली नाही.

"बांधत होती, हो. आमाले सगळ्याईले माहीत होतं. घरामागं बोडी हाय ना, पायली का तुमी?"

मी पाहिली नव्हती. अंगणाच्या पुढं मी कधी गेलेच नव्हते. शामकला मला मागं घेऊन गेली. घराच्या मागच्या भिंतीपासून तीस पावलांवर पाण्यानं भरलेली बोडी, लहानसं तळंच, काठ सरळ उतरता.

"मांगच्या साली रुख्माबाईच्या दिराची नातीन याच्यातच गेली. तीन वर्साची. हिनंच काढली पान्यातून. तवापासून भेव घेतलं. दाराची कडी लावली तं पोट्टी मांगच्या फटीतून निंगते. मंग बांधे. पाय कापू नये म्हनून कापूस घालून शिवलं."

"पण तरी," मी म्हटलं, "बांधणं म्हणजे..."

"बरोबर नाहीच. अंजूनंबी तेच म्हटलं. बारा तारखेले सकारीच आली, आजीसोबत भांडली, मंग माज्या घरी आली. तवापासून रिंकी पहाटे माज्याजवळ झोपायची. धा दिवस झाले होते तिचं बांधनं बंद होऊन. खाटेची चिंधी सोडाचीच राहिली, बस." ती थांबली. "तुमी अकरा तारखेले पायलं ना डोऱ्यानं? मंग आजीले इचारलं काऊन नाही?"

मी पाण्याची बाटली उघडली, प्यायले, झाकण लावलं.

म्हणजे त्या वहीचं पुढचं पान होतं. मी उलटलं नाही. वेळ नव्हता असं नाही. अंजूची चप्पल नंतर वाजली. मला हवं होतं ते मागच्या पानावर मिळालं होतं.

१ एप्रिल, मंगळवार

बालगृहात खुशीला भेटले. स्वच्छ जागा आहे, बाई चांगल्या आहेत. खुशीचे केस कापले आहेत. जेवते, पण अर्धी पोळी रुमालात बांधून ठेवते, रिंकीसाठी. रिंकी भंडाऱ्याला आहे हे तिला माहीत आहे, तरी ठेवते. तिसऱ्या दिवशी बाई काढून टाकतात.

मी तिच्या शेजारी बसले. फॉर्म नेला नव्हता.

ती म्हणाली, "अंजूताई आली नाही."

"तिला यायची परवानगी नाही."

"तिनं सांगतलं कायले? मी म्हटलं होतं, सांगू नको." आता ती रडली. पहिल्यांदा. "आता मी कोनालेच काही सांगनार नाही. कोनालेच."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. आणि मला काय वाटलं ते लिहिते, कारण इथंही नाही लिहिलं तर मग ही वही कायला ठेवायची. मला आधी वाटलं: राग आहे तोही तिच्यावरच. माझ्यावर राग करण्याएवढीही मी तिची कोणी नाही. आणि त्याच्या मागून दुसरं वाटलं: आता ही अंजूकडं परत जाणार नाही.

हे मला वाटलं. रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर हात ठेवून. त्यानंतर मी तिथं बसू शकले नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

गोमती आली. दुधराम तिकडं मुकादमाजवळ अडकला आहे, तोड अर्धी सोडून दोघांना येऊ देत नाहीत, म्हणून ती एकटी आली. ऑफिसच्या पायरीवर बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, मिरचीनं कातडी सोलवटली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल.

"तुमी पायलं म्हनते माजी पोरगी बांधलेली," ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, हेच वाईट होतं. "मले नीट सांगा ना मॅडम. रडून राहिली होती का? पाय सुजला होता का? सासू म्हनते, नाही. सासू खोटं नाही बोलत, पन पोरींसाठी बोललीबी असन. तुमाले माहीत. तुमी होत्या."

मी म्हटलं, "नाही, सुजला नव्हता."

"रडत होती?"

"नाही."

"झोपली होती मंग," ती म्हणाली आणि थोडी सैल झाली. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ती सैल झाली. तिथंच पायरीवर भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. दोन दिवस रेल्वेत उभी होती.

टिकेशला सगळं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकलं. "नोकरी जाईल," म्हणाला. मग ताट माझ्यापुढं सरकवत, "पन तू जेवत नाही आठ दिवसांपासून. मी काही बोललो नाही." तो एवढंच बोलला.

८ एप्रिल, मंगळवार

समितीसमोर सुनावणी. एका बाजूला रुख्माबाई आणि गोमती, शामकला साक्षीला. मी दुसऱ्या बाजूला, एकटी, चांगल्या खुर्चीवर.

अध्यक्ष बाईंनी माझा अर्ज वाचून दाखवला. "तुम्ही स्वतः पाहिलं, यावर कायम आहात?"

काल घरी मी उत्तर पाठ केलं होतं, चांगल्या शब्दांत, गैरसमज, घाई, लेकरांचं हित. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"नाही पाहिलं," मी म्हटलं. "सहकाऱ्याच्या वहीत वाचलं. तिला न विचारता. पूर्ण वाचलंही नाही. अकरा तारखेला मी गेले तेव्हा लेकरू अंगणात पेन्सिलींशी खेळत होतं."

"मग असं का लिहिलं?"

खोलीत पंखा खूप जोरात फिरत होता. मी म्हटलं, "लेकरं तिच्याशी बोलत होती. माझ्याशी नाही."

 रुख्माबाई गोमतीला हळूच विचारत होत्या, काय म्हनते, काय म्हनते बाई. गोमतीनं त्यांच्या कानात सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर डोळ्यांवरून असा ओढला, जसं उन्हाकडं बघवत नाही.

अध्यक्ष बाईंनी मला बाहेर बसून लेखी द्यायला सांगितलं. मी दीड पान लिहिलं. त्यांनी मग शामकलाचं, आजीचं, गोमतीचं ऐकलं. आदेश असा: दोघी बहिणी आईच्या ताब्यात, मोहाच्या दिवसांत रिंकी पहाटे शामकलाकडे, ग्रामपंचायतीनं बोडीला कुंपण करावं, सहा महिने भेटी. माझ्याविरुद्ध संस्थेनं काय करायचं ते पत्र वेगळं जाईल.

सर गाडीपाशी भेटले. हिंदी नाही, मराठी नाही.  माझ्या हातून ऑफिसची किल्ली घेतली.

९ एप्रिल, बुधवार

अंजूच्या गावी गेले, दरेकशाच्या पुढं. ती अंगणात सूप घेऊन मोह निवडत होती. उठली नाही. तिच्या आईनं पाणी आणलं. मी प्यायले. अंजूनं ते पाहिलं, चेहऱ्यावर काही नाही.

मी सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली.

"मले माहीत होतं ताई," ती म्हणाली. "बैठकीतच. तुमच्या अर्जात होतं, उजवा पाय. खुशीनं मले डावा सांगतला होता. मीच चुकून उजवा लिवला. दुसऱ्या दिवशी जाऊन पायलं, आन पुढच्या पानावर दुरुस्त केलं."

"मग बोलली का नाहीस? तिथंच मला उघडं पाडायचं होतंस."

"कसं बोलू? मले कसं माहीत ते सांगा लागलं असतं. खुशीनं सांगतलं म्हनून. मंग पोरीचा शब्द तिच्याच आजीच्या विरुद्ध कागदावर चढला असता. समितीनं तिलेच उभं करून इचारलं असतं. मी तिले शब्द देल्ला होता."

"पण सगळा टोला तुला धरून देणारी म्हणत होता. खुशीसुद्धा."

"म्हनत होता ना." तिच्या हातातलं सूप थांबलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. रागाचं होतं. "तुमी माजं नाव घेतलं असतं ना ताई, चाललं असतं. तुमाले प्रमुख व्हाचं होतं, मले म्हटलं असतं, मी सोडून देल्ली असती. लहान बहिणीपासून तोडलं तिले. तेवीस तारखेपासून मी रोज मोजून राहिली."

मी माफी मागितली. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाली, "भंडाऱ्याचा आदेश निघाला का? गोमतीले एकटीले तिथं कोनी दारात उभं नाही करनार. तुमाले लोक ओळखतेत. जा तिच्यासोबत."

चौदा वर्षं मला वाटत आलं, की लेकरं बोलत नाहीत कारण भाषा वेगळी आहे, जात वेगळी आहे, लाजतात. अंजू मात्र जे बोलायचं नाही ते बोलत नव्हती. लेकरांना ते कळत असावं. मला वयाची अडतीस वर्षं लागली, आणि ते कळलं म्हणून माझ्यात ते आलं असंही नाही.

१६ एप्रिल, बुधवार

कागद पूर्ण व्हायला आठवडा गेला. आज रिंकीला आणलं. गोमती, मी आणि खुशी. खुशीला सकाळी बालगृहातून घेतलं. बसमध्ये ती आईच्या आणि खिडकीच्या मधे बसली. भंडाऱ्याला उतरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. उतरल्यावर मीच थांबवलं.

"खुशी, अंजूताईनं कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिची वही चोरून वाचली. मी कळवलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. या वेळी पाटी वाचल्यासारखं नाही. "तुमी?"

"हो."

"तुमी तं पेन्सिली आनल्या होत्या," ती म्हणाली.

मी रिक्षाला हात केला, शिशुगृहाचा पत्ता सांगितला.

आतल्या बाईंनी रिंकीला आणलं. चोवीस दिवसांत अंगावर थोडी भरली आहे, तेल लावून भांग पाडला होता. गोमतीनं हात पसरले. रिंकी तिच्याकडं गेली नाही. आई जानेवारीत गेलेली, लेकराच्या मनात किती राहणार. ती बाईंच्या साडीमागं लपली. गोमतीचे पसरलेले हात तसेच राहिले, चिंध्यांसकट. मग खुशी खाली बसली आणि काहीच न बोलता स्वतःचे दात तिला दाखवले, वरचे, चढलेले दोन. तो त्यांचा काही खेळ असेल. रिंकी हसली आणि पळत येऊन तिच्या अंगावर आदळली.

सालेकशाला उतरलो तेव्हा अंजू स्टँडवर होती, दुचाकी घेऊन. तिला कोणी कळवलं, माहीत नाही, मी नाही. खुशी पायरीवरच थांबली. माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मला वाटलं पळत जाईल. गेली नाही. हळू गेली, तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुजं नाव घेतलं आजीपाशी. सगळ्याईसमोर."

"घेतलं तं घेतलं," अंजू म्हणाली. "चाल."

रिंकीला पुढं उभं केलं, खुशी आणि गोमती मागं, चौघी एका गाडीवर, कायद्यानं चालत नाही. खुशीनं तिच्या कमरेला हात घातले आणि पाठीवर गाल टेकला. मी बसच्या सावलीत उभी होते. मला तेच वाटलं जे पहिल्या दिवशी आतून त्या दोघींचं हसणं ऐकून वाटलं होतं. अगदी तेच, थोडंही कमी नाही. मला वाटलं होतं, सगळं कबूल केल्यावर ते जाईल.

गोमतीनं मागं वळून हात जोडले. गाडी फाटकापलीकडं गेली. मी तिथंच बाकावर बसून संस्थेला राजीनामा लिहिला, आणि त्याखाली क्षेत्रप्रमुख म्हणून अंजूचं नाव सुचवलं. नाव लिहिताना हात अडला. तरी लिहिलं.